छावणीतला सर्जन: जॉन गिलख्रिस्टच्या तरुणपणाचा माग



लढायांच्या इतिहासात सर्जनला जागा मिळते ती अगदी शेवटच्या ओळीत. इतके पडले, इतके जखमी झाले, की प्रकरण संपतं. त्या जखमींचं पुढे काय झालं, त्यांच्या मांडीतली गोळी कोणी काढली, पाय कोणी कापला, तापात बरळणाऱ्याच्या उशाशी कोण बसलं, हे सांगायला इतिहासकार थांबत नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाबद्दल आपण महाराष्ट्रात किती वाचतो! वडगाव, वसई, बोरघाट, सालबाई. महादजी आणि नाना आपल्याला घरच्या माणसांसारखे ओळखीचे आहेत, गॉडार्डसुद्धा ओळखीचा आहे. त्या फौजांच्या मागून औषधांच्या पेट्या घेऊन चालणारी माणसं मात्र कोणाच्याच ओळखीची नाहीत.

त्यांच्यातल्या एकाचा माग आज काढायचा आहे. त्याचं नाव जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट. हिंदी किंवा उर्दू गद्याचा इतिहास शिकलेल्यांना हे नाव परिचयाचं असेल. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातला हिंदुस्तानीचा पहिला प्राध्यापक, कोशकार, व्याकरणकार अशी त्याची ख्याती आहे. पण तो विद्वान आज माझा विषय नाही. मला शोधायचा आहे तो तेविशी-पंचविशीतला, पदवी-प्रतिष्ठा काहीही नसलेला, सैन्याबरोबर पायपीट करणारा असिस्टंट सर्जन. कारण माझं स्पष्ट मत असं आहे की पुढच्या विद्वानाने जे काही मिळवलं आणि जिथे जिथे त्याची नजर कमी पडली, त्या दोन्हींचं मूळ त्या पायपिटीत आहे.

गिलख्रिस्ट एडिंबराचा. जन्म जून १७५९ चा. वडील वॉल्टर गिलख्रिस्ट व्यापारी होते, पण मुलगा जन्मला त्याच वर्षी ते नाहीसे झाले. जॉर्ज हेरियट नावाच्या एका जवाहिऱ्याने सतराव्या शतकात आपली संपत्ती एडिंबरातल्या बिनबापाच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली होती. तिच्यातून उभी राहिलेली संस्था म्हणजे हेरियट्स हॉस्पिटल. नावात हॉस्पिटल असलं तरी ती अशा मुलांची निवासी शाळा होती. जॉन तिथे वाढला. एका मेलेल्या माणसाच्या मृत्युपत्रावर हा मुलगा शिकला, एवढं कृपया ध्यानात ठेवा. पुढे याच गोष्टीला मोठा अर्थ येणार आहे.

अशा मुलाने सर्जन व्हावं यात त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये नवल नव्हतं. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाची विद्याशाखा १७२६ साली सुरू झाली आणि दोन पिढ्यांत तिचं नाव युरोपभर गेलं. शरीरशास्त्राला मन्रो बाप-लेक, वैद्यकाला विल्यम कलन, रसायनाला जोसेफ ब्लॅक असे अध्यापक तिथे होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजला इंग्लंडच्या चर्चचा शिक्का लागत असे, एडिंबराला तो लागत नसे. शिवाय विद्यार्थ्याने ज्या विषयाची फी भरली त्याची व्याख्यानं त्याला ऐकता येत, आणि पुष्कळजण दोन-तीन हिवाळे ऐकून, पदवी न घेताच कामाला लागत. परिणाम असा झाला की स्कॉटलंडमध्ये शिकलेली माणसं पुष्कळ आणि त्यांना पोसणारा देश लहान. ती बाहेर पडली. आरमार, लष्कर आणि ईस्ट इंडिया कंपनी या तीन दारांतून ती जगभर गेली.

आरमारातल्या जहाजावर सर्जनच्या हाताखाली मदतनीस सर्जन असत. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या दिव्यात त्यांचं काम चाले. भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा वापर १८४६ साली सुरू झाला, म्हणजे आपण बोलतोय त्यानंतर साठेक वर्षांनी. चांगला सर्जन म्हणजे हात भराभर चालवणारा सर्जन. आणि तरीही तोफगोळ्यांपेक्षा तापाने, हगवणीने आणि स्कर्व्हीने अधिक माणसं मरत. जेम्स लिंड हा एडिंबराचाच. १७४७ साली ‘सॉल्सबरी’ जहाजावर त्याने स्कर्व्हीच्या बारा रोग्यांचे दोन-दोनांचे गट केले, प्रत्येक गटाला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने उठले हे नोंदवून ठेवलं. आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. मधल्या जवळपास अर्ध्या शतकात किती खलाशी दात पडून, जुन्या जखमा पुन्हा उघडून मेले असतील याचा विचार केला की आजही संताप येतो. टोबायस स्मॉलेट हा आणखी एक स्कॉटिश मदतनीस सर्जन. कार्टाजेनाच्या मोहिमेवर त्याने जे पाहिलं ते ‘रॉडरिक रँडम’ या १७४८ च्या कादंबरीत आलं. आरमारी वैद्यकाचा तो नरक ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी ती कादंबरी जरूर वाचावी.

गिलख्रिस्ट थेट आरमारात गेला नाही. सोळा वर्षांचा असताना तो वेस्ट इंडीजला गेला, तिथे नीळ पिकवायला आणि बनवायला शिकला आणि दोन-तीन वर्षांत परतला. त्या बेटांवरची शेती गुलामांच्या श्रमावर चालत होती. सोळाव्या वर्षी जगाची जी पहिली ओळख त्याला झाली ती अशा जगाची होती. मग १७८२ साली आरमारात मदतनीस सर्जन म्हणून तो नोकरीला लागला आणि त्याच वर्षी मुंबईला पोचला.

ती मुंबई कशी होती? तटबंदीच्या आत कोट, गोदी, वाडिया मंडळींच्या देखरेखीखाली डागडुजीला आलेली जहाजं. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला होता. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळायची होती. पण समुद्रावर फ्रेंचांशी झुंज चालूच होती आणि मुंबई ही छावणीच होती. अशा गावात हा तरुण कंपनीच्या वैद्यकीय सेवेत शिरला आणि पुढे असिस्टंट सर्जन झाला.

त्याच्या या दिवसांबद्दल बरंचसं कळतं ते त्याच्याच लेखणीतून. कोशाला जोडून १७९८ साली त्याने जे विस्तृत लेखन छापलं त्यात स्वतःची वाटचाल सांगितली आहे. चाळिशीला आलेला, प्रतिस्पर्ध्यांशी भांडून दमलेला, तरीही भांडणारा माणूस आपलं तरुणपण सांगतो आहे हे विसरून चालणार नाही. तरीही एक गोष्ट मला पूर्ण खरी वाटते. तो म्हणतो की मुंबईत उतरताच त्याला उमगलं, इथली चालती भाषा आल्याशिवाय आपलं इथलं राहणं आपल्याला सुखाचं होणार नाही आणि आपल्या मालकांनाही आपला उपयोग होणार नाही.

हे उमगायला सर्जनच हवा होता असं मला वाटतं. कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांचं दुभाष्यावर भागत असे. व्यापाऱ्याला दुबाश मिळे, दरबारात जाणाऱ्याला फारसीचा मुनशी मिळे. कप्तानाला कवायतीचे चार हुकूम पाठ असले की पुरत. पण पोट कुठे दुखतं, ताप थंडी वाजून येतो की नुसताच येतो, काल रात्री काय खाल्लं, लघवीला जळजळतं का, हे दुभाष्यामार्फत विचारून पाहा! त्या काळी वैद्याच्या हातात थर्मामीटर नव्हता, स्टेथोस्कोप नव्हता. हाताला लागणारी नाडी, डोळ्यांना दिसणारी जीभ आणि रोगी सांगेल ते शब्द, इतकंच त्याच्याजवळ होतं. शब्द कळले नाहीत तर निदानाचा मोठा भाग गेलाच. फौजेबरोबर एतद्देशीय मलमपट्टीवाले असत, त्यांना इंग्रज ‘काळे डॉक्टर’ म्हणत. जखमींना उचलणारे डोलीवाले भोई असत. त्यांच्याशीही बोलायचं ते त्यांच्या भाषेत. आजही आपल्या जिल्हा रुग्णालयांत पहिल्या पोस्टिंगला आलेल्या परप्रांतीय डॉक्टरांना हा प्रश्न रोज पडतो.

गिलख्रिस्टने आधी जॉर्ज हॅडलीचं पुस्तक हाताशी घेतलं. हॅडली हा बंगाल लष्करातला अधिकारी. शिपायांना हुकूम देण्यापुरतं हिंदुस्तानीचं एक व्याकरण त्याने १७७२ मध्ये छापलं होतं. पुस्तकातली वाक्यं आणि शिपायांच्या तोंडची वाक्यं यांचा मेळ बसेना. गिलख्रिस्टने पुढे हॅडलीवर इतकी कठोर टीका केली की वाचताना हॅडलीची कीव येते. पण त्या रागाचं कारण प्रामाणिक होतं: पुस्तक घेऊन माणसाजवळ जावं आणि माणसाला काहीच कळू नये, हा अनुभव त्याने घेतला होता.

यानंतर ती पायपीट आली. गॉडार्डची फौज १७७८ साली काल्पीहून निघून, बुंदेलखंड आणि नर्मदा ओलांडून १७७९ च्या फेब्रुवारीत सुरतेला पोचली होती, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. बंगालच्या शिपायांनी हिंदुस्थान आडवा चालून मराठ्यांच्या पाठीवर यावं, ही गोष्ट पुण्याला धक्का देणारी होती. युद्ध संपल्यावर या तुकडीचा उरलेला भाग कर्नल चार्ल्स मॉर्गनच्या हाताखाली उत्तरेकडे परत निघाला, सुरतेहून गंगाकाठच्या फत्तेगडला. त्या फौजेबरोबर असिस्टंट सर्जन गिलख्रिस्ट होता.

फौज किती मोठी गोष्ट घेऊन चालते याची कल्पना करा. शिपाई, त्यांच्या बायका-मुलं, बैलांचे तांडे, बाजारबुणगे, वाणी, न्हावी, धोबी, भोई. असा सारा बाजार महिनोन् महिने गुजरात ओलांडून, माळव्यातून, पुढे दोआबापर्यंत सरकत होता. गिलख्रिस्टला जे दिसलं ते असं: गाव बदलतं, पागोटं बदलतं, पिकं बदलतात, आणि तरीही ज्या बोलीला तो हिंदुस्तानी म्हणे ती थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते. मुंबईच्या बाजारात जी उमगली ती फत्तेगडातही उमगते. या भाषेला व्याकरण नाही, कोश नाही, कंपनीच्या कचेरीत मान नाही. तिथे मान फारसीला. ही भाषा आपण बांधून काढायची, असं त्याने त्या वाटेवर ठरवलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याच्या निष्कर्षाकडे आपण महाराष्ट्रातून पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. तो ज्यांच्याबरोबर चालला ते बंगाल लष्कराचे शिपाई मुख्यतः अवध आणि बिहारातले, ज्यांना पुरबिये म्हणत. त्यांच्याबरोबर उत्तरेकडे चालताना वाटेवरच्या लोकांशी त्यांचंच बोलणं चालणार. प्रत्येक मुक्कामाला ती माणसं घराच्या जवळ येत होती. हाच सर्जन जर मुंबईच्या शिपायांबरोबर घाट चढून पुण्याला आला असता, तर त्याच्या कानांवर दुसरीच भाषा पडली असती. तीही कैक शतकांची, ओव्यांची-अभंगांची, दरबाराची आणि मोडी कागदांची भाषा होती. मुंबईच्या बाजारात ती त्याने ऐकली असणारच, पण तिच्यामागे तो गेला नाही. एका वाटेवर जे ऐकलं ते सगळ्या देशाला लागू धरणं ही त्याची मोठी चूक होती, आणि तिचे पडसाद पुढे शंभर-दीडशे वर्षं भाषेच्या राजकारणात उमटले. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. छावणीतून देश पाहणाऱ्याला देश छावणीसारखा दिसतो, इतकंच मला नोंदवायचं आहे.

१७८५ मध्ये त्याने भाषेच्या अभ्यासासाठी वर्षभराची रजा मागितली आणि ती मिळाली. नोकरीच्या यादीत नाव सर्जन म्हणूनच राहिलं, पण वैद्यकीकडे तो पुन्हा परतला नाही. फैजाबादला जाऊन त्याने दाढी वाढवली, इथले कपडे घातले आणि मुनशी-मौलवींजवळ बसून विचारू लागला: तुमच्या भाषेचा कोश कुठे आहे, व्याकरण कुठे आहे? ते चकितच झाले. आपल्या आईच्या भाषेसाठी कोणी पुस्तक पाहतं का, असा त्यांचा उलटा प्रश्न. फार झालं तेव्हा ‘खालिकबारी’ची एक जीर्ण प्रत पुढे आली. ही पद्यातली छोटी शब्दावली परंपरेने अमीर खुसरोच्या नावावर आहे. मग गिलख्रिस्टने स्वतःची रीत काढली. तो अक्षरांच्या जोड्या क्रमाने पुढे ठेवी आणि त्या आवाजाचा कोणता शब्द आहे, त्याचे किती अर्थ होतात, हे मुनशींना विचारून तिथल्या तिथे लिहून घेई.

या रीतीत मला एडिंबराचं वैद्यक दिसतं. रोग्याला विचारायचं, सांगेल ते टिपायचं, ग्रंथात काय लिहिलंय ते नंतर पाहायचं. लिंडने जहाजावर जे केलं त्याच जातीचं हे काम. गिलख्रिस्टने वैद्यकी सोडली, पण वैद्यकीने लावलेली सवय सोडली नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि याच काळात आपल्या पुण्याजवळ जे घडलं ते या संदर्भात सांगायलाच हवं. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ वीट-मडकी करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. कंपनीचे सर्जन थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचं सचित्र वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ मध्ये ती स्वतः केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगतात. कावसजीचं नाव राहिलं, पाहणाऱ्यांची राहिली, लंडनमध्ये नक्कल करणाऱ्याचं तर राहिलंच. ज्याच्या हातांत ती विद्या होती, त्याचं नाव त्या अंकाने दिलं नाही. मी जेव्हा जेव्हा हे वर्णन वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं.

गिलख्रिस्टच्या मुनशींच्या बाबतीत निदान एवढी उपेक्षा झाली नाही. पण न्यायही झाला नाही. कोश १७८६ ते १७९० या काळात भागाभागांनी, वर्गणीदारांच्या बळावर कलकत्त्यात छापला गेला. पैसा पुरेना म्हणून गिलख्रिस्ट गाझीपूरला नीळ आणि अफूच्या धंद्यात उतरला. वेस्ट इंडीजमध्ये शिकलेली विद्या इथे कामाला आली. गंगेच्या काठच्या त्या रयतेला निळीने पुढे काय भोगायला लावलं ते सर्वश्रुत आहे. कोशाच्या पानांना या निळीचा डाग आहे, आणि तो दाखवल्याशिवाय त्या कोशाचं कौतुक करणं मला योग्य वाटत नाही.

फोर्ट विल्यम कॉलेजची कथा मी भराभर सांगतो, कारण ती अन्यत्र पुष्कळ सांगितली गेली आहे. वेलस्लीने १८०० मध्ये ते काढलं आणि गिलख्रिस्टला हिंदुस्तानीचा प्राध्यापक केलं. पगार महिना दीड हजार रुपये. त्याच्या विभागातल्या साध्या मुनशीला महिना चाळीस. मीर अम्मनने ‘बाग-ओ-बहार’ लिहिलं ते गिलख्रिस्टच्या सांगण्यावरून. लल्लूलालने ‘प्रेमसागर’ तिथेच सुरू केलं. आजच्या उर्दू आणि हिंदी गद्याचे हे दोन आधारस्तंभ अशा नोकरवर्गातून उभे राहिले. एकाच बोलीची दोन लिप्यांत, दोन वळणांत पुस्तकं तयार होऊ लागली. हिंदी-उर्दूच्या पुढच्या दुराव्याचं सगळं खापर एकट्या गिलख्रिस्टवर फोडणारे अभ्यासक आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. दरबारी फारसी वळण आणि गावठी वळण यांच्या मधली बोली चालावी असाच त्याचा आग्रह होता. पण कारखाना एकदा सुरू झाला की त्यातून काय निघेल हे काढणाऱ्याच्या हातात राहत नाही, हेही तितकंच खरं.

त्याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवत होता. त्याच्याजवळ वैजनाथ नावाचे पंडित होते आणि केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं. मराठीतली आरंभीची छापील गद्य पुस्तकं त्या मंडळींच्या हातून झाली. आपल्यापैकी किती जणांना वैजनाथ पंडितांचं नाव माहीत आहे? केरीचं मात्र सर्वांना माहीत आहे.

गिलख्रिस्टच्या साहेबांसाठीच्या संवादपुस्तकांत आणखी एक गोष्ट खटकते. त्यातली पुष्कळ वाक्यं आज्ञार्थी आहेत: आण, ने, उचल, गप्प बस. बर्नार्ड कोहन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने हे नेमकं दाखवून दिलं आहे. ज्या माणसाने छावणीत रोग्याच्या बाजूला बसून ‘कुठे दुखतं’ हे विचारायला भाषा शिकली असेल, त्याच्याच हातून हुकमाची भाषा छापली जावी, हे त्याच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे असं मी मानतो. नोकरी कंपनीची होती. प्रश्नांची पुस्तकं कंपनीला नको होती.

आता या कहाणीत दुसरा एक स्कॉटिश सर्जन येतो आणि तो आपल्याला थेट ऑस्ट्रेलियात घेऊन जातो. त्याचं नाव विल्यम बालमेन, जन्म १७६२. तोही एडिंबराला शिकलेला, तोही १७८० पासून आरमारात मदतनीस सर्जन. १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन पहिला ताफा सिडनीला पोचला, त्यातल्या ‘अलेक्झांडर’ जहाजावर तो सर्जन होता. १७९० मध्ये मॅनलीच्या किनाऱ्यावर गव्हर्नर फिलिपच्या खांद्यात भाला घुसला, तो बालमेनने काढला. पुढे त्याने कलकत्त्याहून येणाऱ्या दारूच्या व्यापारात पैसा कमावला आणि सिडनी बंदराच्या एका भूशिरावर त्याला ५५० एकर जमीन इनाम मिळाली. त्या किनाऱ्यावर गॅडिगल आणि वँगल लोक हजारो वर्षं राहत होते. इनाम देताना त्यांना कोणी विचारलं नाही. १८०१ साली बालमेनने ती सगळी जमीन पाच शिलिंग या नाममात्र किमतीला गिलख्रिस्टच्या नावे केली. १८०३ मध्ये तो लंडनला वारला, वय जेमतेम एक्केचाळीस. गिलख्रिस्टने ऑस्ट्रेलियात कधीच पाऊल ठेवलं नाही. सिडनीचं आजचं बालमेन उपनगर त्या जमिनीवर वसलं आहे.

गिलख्रिस्ट १८०४ मध्ये प्रकृती बिघडल्याने स्वदेशी परतला. एडिंबरात पेढी काढली, प्रजासत्ताकवादी राजकारण केलं, लोकांशी भांडला. १८१८ पासून लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने हिंदुस्तानीचे वर्ग घेतले, आणि ते मुख्यतः कोणासाठी होते? कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन हिंदुस्थानात जायला निघालेल्या तरुण सर्जनांसाठी. मुंबईला उतरून जे त्याला कळलं होतं ते कळण्यासाठी या मुलांना वर्षभर अडखळावं लागू नये, अशी सोय आता झाली. त्याच्या सगळ्या उद्योगांत मला हा उद्योग सर्वांत मोलाचा वाटतो. लंडनमध्ये कामगारांच्या शिक्षणासाठी बर्कबेकने काढलेल्या संस्थेलाही त्याने मदत केली.

९ जानेवारी १८४१ रोजी तो पॅरिसला वारला. पेर लाशेजच्या स्मशानभूमीत त्याला पुरलं आहे. मृत्युपत्रात त्याने आपली संपत्ती जगाच्या कोणत्याही भागात शिक्षण आणि विद्येच्या प्रसारासाठी ठेवली होती. नातेवाईक कोर्टात गेले. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला आणि १८५८ मध्ये मृत्युपत्र टिकलं. दरम्यान सिडनीच्या त्या जमिनीचे भाव वाढत होते. तिच्या विक्रीचा पैसा या निधीत आला आणि त्यातून गिलख्रिस्ट शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. हेरियटच्या मृत्युपत्रावर शिकलेल्या पोराने स्वतःचं मृत्युपत्रही तशाच मुलांसाठी लिहिलं.

हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी या शिष्यवृत्तीची चढाओढीची परीक्षा होत असे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय या शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले. १८८२ साली दोघे यशस्वी झाले. एक प्रफुल्लचंद्र राय, ज्यांनी एडिंबरात रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन बेंगॉल केमिकल्स उभी केली. दुसरे मुंबईचे पारशी विद्यार्थी बहादुरजी. हे पुढे डॉक्टर के. एन. बहादुरजी म्हणून मुंबईत नावारूपाला आले. आणि त्यांनी कशासाठी आवाज उठवला? सैन्यातल्या सर्जनांसाठी उभ्या केलेल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या हातात सगळ्या देशाची नागरी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं का, देशातल्या डॉक्टरांना त्यांत बरोबरीची जागा का नाही, हा प्रश्न त्यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून मांडला. कंपनीच्या एका असिस्टंट सर्जनच्या पैशावर शिकलेल्या मुंबईकर डॉक्टरने त्या सर्जनांच्या मक्तेदारीलाच हात घालावा, याचा मला मनापासून आनंद होतो. दात्याने अशा वापराला हरकत घेतली असती असं मला वाटत नाही. भांडायला तोही कधी मागे हटला नव्हता.

इथे जमलेल्या तरुण डॉक्टरांना आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख संचालनालयात कंपनीच्या मुंबई सरकारची दप्तरं आहेत. पुण्यात पेशवे दप्तर आहे. लढाया आणि तह यांचे कागद आपल्या पूर्वसुरींनी कष्टाने वाचले, छापले. आता ज्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही ती माणसं वाचा. औषधांच्या मागण्या वाचा, जखमींच्या याद्या वाचा, डोलीवाल्यांच्या पगाराचे हिशेब वाचा, वैद्य-हकिमांना दिलेल्या बिदाग्या वाचा. मोडी शिकायला सहा महिने पुरतात, आणि वैद्यक जाणणाऱ्या माणसाला त्या कागदांत जे दिसेल ते आम्हां इतिहासवाल्यांना दिसणार नाही. तुमच्यापैकी दोघाचौघांनी जरी हे काम अंगावर घेतलं तरी पुरे. मी मदतीला आहे.